बुजवलेली चोरवाट

"दार लावण्याआधी बाहेर कोण राहिलंय ते बघावं रे," आई म्हणायची. पण त्या आठवड्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या दादाला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. ऑफिसच्या सिस्टिममध्ये एक चोरवाट सापडली होती. साध्या खात्यातून तिथून शिरलं की माणूस थेट ॲडमिन व्हायचा, आणि रोज संध्याकाळी कुणीतरी शिरत होतं. तीन दिवस डोकं आपटून दादाने ती वाट अशी बुजवली की मुंगीलाही फट उरली नाही. "आता ये म्हणावं!" त्याने स्क्रीनलाच खिजवलं.

दोन दिवसांत जुन्या फायलींनी डिस्क काठोकाठ भरली आणि सर्व्हर आडवा झाला. "वर्षभर सुरळीत चाललं होतं की रे!" साहेब कडाडले. दादाने कपाळावर हात मारला.

तेवढ्यात डेटा भरणाऱ्या ताई त्याच्या टेबलापाशी आल्या. त्या हळूच म्हणाल्या,



"रोज निघताना ती रद्दी मीच काढायचे हो, दादा. त्यासाठी अधिकार मागणारे माझे चार अर्ज तुमच्याकडेच पडलेत."