मिनिटभर पुरे

"ह्यात कीर्तन मावायचं न्हाय, आण्णा," जयसिंग पुन्हा म्हणाला.

कॉम्प्युटरबरोबर आलेला साधा रेकॉर्डर होता तो. लाल ठिपका दाबला की सुरू आणि मिनिट भरलं की आपोआप बंद. जयसिंगनं मित्राकडून एका मोठ्या प्रोग्रामची सीडी आणली होती. त्यात तासन् तास आवाज भरता यायचा, खरखर काढता यायची, मागं मृदंगसुद्धा जोडता यायचा. आण्णांनी पडद्यावरच्या त्या हिरव्या लाटा पाहिल्या आणि मान हलवली.

"हे बारकंच ठेव. मला मिनिटभर पुरे."

सोमवारी मिरजेला ऑपरेशन होतं. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कागल म्हणू नका, कुरुंदवाड म्हणू नका, ज्या आवाजासाठी माणसं चिखल तुडवत यायची, ज्यानं नुसतं नाम उचललं तरी मंडपाचे डोळे भरून यायचे, तो आवाज आता कायमचा जाणार होता. बापाचं निदान एक कीर्तन तरी घरात राहावं, म्हणून जयसिंगनं आठवडाभर रजा टाकली होती.

आण्णांचं मात्र भलतंच चाललेलं. आधी कॉम्प्युटरचं टेबल भिंतीला चिकटवायला लावलं. या घरात पाटसुद्धा जागचा हललेला त्यांना खपत नसे, शिस्तीचा माणूस. मग माइक तोंडाशी धरून म्हणाले, "हाय की. हितंच बसलोय." थांबले. परत लाल ठिपका. "च्या झकास झालाय." परत ठिपका. "उंबरा हाय, पाय उचल."

जयसिंगला वाटलं, माइक तपासताहेत. उभा जन्म मंडपात माइक तपासण्यात गेलेला, सवय जाणार कशी?

मधूनच आतून आक्काची, जयसिंगच्या आईची, हाक यायची, "अवं, हायसा न्हवं?"

"हाय की," आण्णा ओ द्यायचे. दिवसभर हेच. नव्या नवरीगत नवऱ्याला हाका मारतीया म्हणून शेजारच्या बायडाबाई चिडवायच्या. आक्का नुसती हसायची.

शनिवारी जयसिंगनं ते सगळे तुकडे पुसायला घेतले. मोठा प्रोग्राम घालून आज कीर्तन उरकायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. आण्णांनी त्याचा हात धरला.

"त्यातलं एकबी पुसायचं न्हाय."

"आण्णा, परवा आवाज जाणार. कीर्तन करणार कधी?"

आण्णांचा आवाज तोवर निम्मा बसलाच होता.

"कीर्तन देवाचं हाय, बाळा. माझ्यामागं धा जण हुभं ऱ्हातील, माझ्याहून गोड गातील. हे मातर दुसऱ्या कुणी म्हणून चालायचं न्हाय."

जयसिंग रुसला. तरी आण्णांनी सांगितल्याप्रमाणे त्यानं ते तुकडे पडद्यावर ओळीनं मांडून दिले. रविवारभर आण्णा माऊस धरायला शिकत बसले. कीर्तन राहिलं ते राहिलंच.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर आण्णा गळ्याला पट्टी बांधून सरळ कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. जयसिंग कोनाड्यात औषधं लावत होता. एवढं गप्प घर त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

भिंतीला हात लावत आक्का स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थांबली.

"अवं, हायसा न्हवं?"

आण्णा तिच्या अगदी समोर होते. त्यांनी माऊस दाबला.

"हाय की. हितंच बसलोय," कॉम्प्युटरातून आवाज आला. मग पुढचा तुकडा. "उंबरा हाय, पाय उचल."

लहानपणी देवीच्या साथीत दोन्ही डोळे गेलेल्या आक्कानं पाय उचलला आणि आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला.