स्थिर बोटं

नवरा तिला पोकर शिकवत होता. डावावर पैशांऐवजी बटणं होती. तिच्याच कुडत्यांची, त्याने वेळोवेळी रागाच्या भरात ओढून तोडलेली.

“दोन पत्ते तुझे, दोन माझे, मधले पाच दोघांचे. पण पत्त्यांपेक्षा समोरचा माणूस बघायचा. भारी पत्ते आले की हात थरथरतात. थाप मारणारा मात्र दगडासारखा बसतो.”

तिने आपले दोन पत्ते उचलले. पलंगाखालच्या बॅगेकडे नजर जाऊ नये, म्हणून सकाळपासून तिने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नव्हती.

त्याने स्वतःचे पत्ते उचललेच नाहीत. तिच्या स्थिर बोटांकडे बघत सगळी बटणं पुढे सरकवली.

“लावली माझी सगळी. तुझी बॅग भरून झालीये.”