रणधीररावांचे वारस

"...आणि त्यांचे चिरंजीव रणधीरराव!" भाटाने असा काही आवाज चढवला, की मांडवातल्या म्हाताऱ्यांची पेंग उडाली. तोतारामभाऊंनी मिशीला पीळ दिला. ह्या एका नावासाठी त्यांनी भाटाच्या दारात कालवड नेऊन बांधली होती.

खरं तर त्यांच्या पणजोबाचं नाव सुपडू. आधीची लेकरं जगत नव्हती, म्हणून आईने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने उचलल्यावर तिला ओंजळभर ज्वारी देऊन परत विकत घेतलं. असलं पोर यमालाही नकोसं होतं म्हणे. सुपडू म्हातारा होईतो जगला, पारोळ्याकडची काळी जमीन त्यानेच कमावली, आणि तिच्यावरच तोतारामभाऊंची मिजास चालली होती. पण एकोणीसशे बावीस सालच्या तालेवार माणसाला उकिरड्यावरचा पूर्वज कसा चालावा? त्यातून लेक प्रमिला नरडाण्याच्या रुपचंदभाऊंच्या घरी सून म्हणून जात होती. बडं घर! तेव्हा सुपडू गेला आणि हातात तलवार घेऊन, कुठल्याशा लढाईत नाव गाजवलेले रणधीरराव आले.

साखरपुड्याआधी पंचांसमोर दोन्ही कुळं म्हणायची रीत होती. दोन्ही घरांचा भाट एकच. मुलाकडच्या पिढ्या म्हणता म्हणता तो मध्येच अडखळला. रुपचंदभाऊंनी डोळे वटारले, तसा तो पुटपुटला, "...आणि त्यांचे चिरंजीव रणधीरराव."

"कोन्ता रणधीरराव?" पंचांचे म्होरके अभिमनआबा गरजले.

"त्याच लढाईतले," भाट खालमानेनं म्हणाला. बिचाऱ्यापाशी शूर पुरुष एकच होता. पारोळ्याची नि नरडाण्याची सोयरीक जुळेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मंग तुम्ही भाऊबंद व्हयनात! भाऊ-बहीनना लगीन कसं व्हई?" आबांनी निकाल दिला.

दोघांपैकी एकाने रणधीरराव सोडले की भागत होतं. पण तोतारामभाऊ मांडवाच्या छताकडे बघत राहिले आणि रुपचंदभाऊ जोड्यांकडे. पाहुणे बैल जुंपायला उठले. तेवढ्यात आतून प्रमिलाचा हुंदका आला. पोरीचं लग्न मोडायला निघालेला तो तलवारबहाद्दर तोतारामभाऊंना एकाएकी परका वाटला.

"आबा, मना पणजानं नाव सुपडू व्हतं," ते ओरडले. "उकिरडावरथीन उचलेल!"

रुपचंदभाऊंनी मोठा सुस्कारा टाकला. "आमना भिका व्हता," ते म्हणाले. "तो जगाले पाहिजे म्हनीन त्यानी मायनी पाच घर भीक मांगेल."

मग आबांनी दोघांना असं झोडपलं, की ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या. "ज्यासनी जमीन कमाडी, त्यासनीच लाज वाटस तुम्हले? बापजादा काय बाजारमा भेटतस?" दोन्ही व्याह्यांचे डोळे भरून आले. सुपडूच्या खापरपणतीला भिकाच्या घरचं कुंकू लागलं.

तोतारामभाऊ स्वतः साखर वाटत फिरले. म्होरक्यांचा मान पहिला, म्हणून ताट घेऊन ते आबांकडे गेले. आबा भाटाला खांबाआड ओढून त्याच्या कानाशी लागले होते.

"भाटबुवा, तो रणधीरराव आते मोकळाच शे ना?"