दीडपट

“उडी मार,” सूर्यकांत म्हणाले.

कादंबरीने इकडेतिकडे पाहिलं. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्लायवूडच्या कारखान्यात कामगार हातचं काम सोडून उभे होते. दोन विटांवर आडवी टाकलेली फळी, फळीवर ती, आणि खाली वाकून फळीच्या पोटाकडे बघणारे बाबा. तिने डोळे मिटून उडी मारली. फळी करकरली. एका कामगाराने तोंड फिरवून हसू गिळलं. बाबा हसले नाहीत. सात थर पुरणार नाहीत, नऊ थरांची काढा, असं त्यांनी मालकाला सांगितलं.

“दीदी के लिए नौ ही ठीक रहेगा, साहब,” मालक म्हणाला.

सूर्यकांतांचा जन्म सैन्याच्या ट्रकांच्या कारखान्यात गेला होता. गाड्या तपासायचं काम. गाडीने जेवढं ओझं न्यायचं, त्याच्या दीडपट लादून बघायचं, आणि तेवढं पेललं तरच खडूने खूण करून तिला फाटकाबाहेर सोडायचं. ते निवृत्त झाले, नियम काही झाला नाही. घरात झोपाळा टांगला तेव्हा मुलींच्या आधी त्यावर गव्हाची पोती बसली होती. शेजारीपाजारी अजून हसतात.

लाँगबोर्डचं खूळ कादंबरीचं. चाकं लावलेल्या लांब फळीवर उभ्या राहून रस्त्याने वाहत गेल्यासारख्या जाणाऱ्या बायका ती मोबाइलवर बघत बसे. त्यातली एक तिच्याएवढीच जाड होती. तो व्हिडिओ तिने इतक्यांदा पाहिला की त्या बाईचे कानातले तिला पाठ झाले. एकदा जेवताना तिने तो बाबांना दाखवला. पुण्याहून सुट्टीला आलेली धाकटी वैभवी वाकून बघत “भारी आहे” म्हणाली. बाबांनी चष्मा पुसला, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

“कादंबरी, तुझं वजन किती?”

तिचा घास हातात राहिला. आई गेल्यापासून हे घर तीच ओढत होती. बँक सांभाळून स्वयंपाक, बाबांच्या गोळ्या, वैभवीचे डबे आणि खोक्यातून पाठवायचे लाडू. त्या घरात तिच्या वजनाबद्दल सगळे बोलत, तिला कुणी विचारत नसे. आत्या तिच्या पोळ्या मोजायची. बघायला आलेली माणसं फोटो जुना होता का, असं हळूच विचारायची. पण आज विचारल्यावर ती खोटं बोलली नाही.

“नव्वद.”

“नव्वद? मग जमलं,” बाबा म्हणाले आणि भाताकडे वळले.

त्या दोन शब्दांनी तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि तेवढ्या एकाच मांसाची तिला कधी लाज वाटली नाही.

मग बाबा कामाला लागले. फळीखालच्या लोखंडी आसालाही ट्रक म्हणतात हे कळल्यावर म्हातारा पोट धरून हसला. त्यांनी रुंद ट्रक मागवले, म्हणजे फळी कलंडणार नाही. चाकं मोठी आणि मऊ, म्हणजे खडीवर अडकणार नाहीत. आसातले रबरी बुश कडक, म्हणजे वजनाने डुगडुगणार नाही. फळी जमिनीलगत ठेवली, कारण नवशिक्याचा पाय सहज खाली टेकला पाहिजे. सगळं ते कादंबरीला समजावून सांगत, आणि प्रत्येक टप्प्यावर तिला फळीवर उभं करत. एवढा वेळ बाबांनी तिला कधी दिला नव्हता. तिने गुपचूप एक निळं हेल्मेट आणून कपाटात साड्यांमागे ठेवलं.

रविवारी सकाळी कॉलनीतल्या उतारावर फळी ठेवली गेली. वैभवी मोबाइल घेऊन उभी. कादंबरीने हेल्मेट घातलं, बाबांनी तिच्या कोपराला धरलं आणि हलकेच सोडलं.

फळी चालली. पाण्याच्या टाकीपर्यंत ती एकटी, उभी, कुणालाही न धरता गेली. वाऱ्याने ओढणी मागे उडाली. पाय टेकून थांबली तेव्हा ती रडत होती, आणि इतक्या आनंदात ती आई असतानाही कधी नव्हती.

“थँक यू, बाबा,” मागून आलेल्या बाबांना ती म्हणाली.

बाबांचं लक्ष नव्हतं. त्यांनी फळी उलटी केली, थरांवरून अंगठा फिरवला, ट्रकचे नट हलवून पाहिले. मग खिशातून खडू काढून फळीच्या पोटावर ठसठशीत खूण केली.

“ये वैभवी, घे आपली गाडी,” त्यांनी हाक मारली.

कादंबरीला आधी कळलंच नाही. वैभवी धावत आली, एक पाय फळीवर ठेवून तिने हात पुढे केला. “ताई, हेल्मेट दे ना.”

“बाबा, तुम्ही हे माझ्यासाठी करून राहिले होते ना?”

सूर्यकांतांनी तिच्याकडे खरोखर आश्चर्याने पाहिलं. “तुझ्यासाठी? तू काहून चालवशील, बेटा?” ते म्हणाले. “वैभवी साठ किलोची. दीडपट नव्वद.”

हेल्मेटचा पट्टा कादंबरीला सुटेना. बाबांनीच तो प्रेमाने सोडवला, हेल्मेट वैभवीकडे दिलं आणि थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला.

“झोपाळ्याच्या वेळी गव्हाची पोती उचलता उचलता कंबर धरली होती माझी. या वेळी तू होतीस, बरं झालं.”