रस संपेपर्यंत

सौदा टिलीला फायद्याचा वाटला. मेपलच्या झाडांना टांगलेल्या बादल्या दिवसातून दोनदा उतरवायच्या, त्यातला गोड रस साखरेसाठी भट्टीवरच्या कढईत आणून ओतायचा. आणि हंगाम संपला की एक अख्खा दिवस तिचा. गोठलेल्या तळ्यावरून चालत पल्याडच्या शेतावर जायचं. तिथे अर्नी होता, तिचा आठ वर्षांचा भाऊ. लिव्हरपूलच्या अनाथाश्रमानं दोघांना एकाच बोटीनं कॅनडात धाडलं होतं, राबायचे करार मात्र दोन वेगळ्या शेतकऱ्यांशी केले होते. वयाची अठरा वर्षं पुरी होईतो.

“रस संपला की खुशाल जा,” मालकीण मिसेस गिलक्रिस्ट म्हणाल्या होत्या. बाई शब्दाच्या पक्क्या. अर्नीला निरोपही त्यांनीच धाडला.

झाडं टेकडीमागे होती, तिथून तळं दिसत नसे. भट्टीच्या गोड वाफेत टिलीचे डोळे मिटत, आणि मग ती चालू लागे. खाली पांढरं तळं, वर पांढरं आभाळ, मधे कुठे रेघ नाही. समोरून अर्नी यायचा, दर वेळी थोडा उंच झालेला.

“ए झोपाळू, कढई करपेल!” मालकिणीचा लेक डंकन खेकसायचा.

“रस कधी संपतो हो?”

“रात्री पाणी गोठायचं थांबलं की.” तो हसला. “आई भारी हिशेबी आहे बरं का.”

यात हसण्यासारखं काय, ते टिलीला कळलं नाही. त्या दिवसापासून ती निजताना देवाकडे ऊब मागू लागली. अगदी मनापासून.

देवानं ऐकलं. दक्षिणेचा वारा सुटला तो आठवडाभर. छपरं गळू लागली, रस कडवट झाला, डंकननं भट्टी विझवली. टिलीनं तोंड धुतलं, वेणी घातली आणि तळ्याकडे धूम ठोकली.

तळं निळं होतं. बर्फाचे उरलेसुरले तुकडे किणकिणत, झोपेत चालल्यासारखे निघाले होते.

मिसेस गिलक्रिस्ट शाल सावरत मागे येऊन उभ्या राहिल्या. “जा की. मी कुठे नाही म्हणते?”

“होडी...?”

“होडी कुठली आपल्याकडे? आणि रस्त्यानं तीस मैल. घोडे उद्यापासून नांगराला.”

साखर त्या वर्षी दोनशे पौंड उतरली. बाईंचा शब्दही शाबूत राहिला. बाकी उरला तो पल्याडच्या काठावरचा एक पांढरा ठिपका. धुतलेला सदरा घालून आलेला, अंधार पडेपर्यंत तो जागचा हलला नाही.