वाटीभर मटार

सकाळी आठ वाजता सासूबाई ओट्याशी उभ्या राहून रात्रीच्या चिकनचं मांस हाडांवरून सोडवत होत्या. दाराशी सुनेच्या दोन बॅगा भरून उभ्या होत्या. दहाला तिचा भाऊ गाडी घेऊन येणार होता. ती माहेरी चालली होती, आणि या वेळी चार दिवसांसाठी नव्हे. वाटेत बाहेरचं काहीबाही खायला लागू नये म्हणून सासूबाई फ्राइड राइसचा डबा देणार होत्या.

मुलगा होता तेव्हा फ्राइड राइससाठी चिकन मुद्दाम उरवावं लागायचं. सासूबाई चार-पाच तुकडे वाटीत घालून दह्याच्या पातेल्यामागे दडवायच्या, तरी सकाळपर्यंत त्यातले दोन गायब असायचे. त्याला जाऊन दहा महिने झाले. आता चिकन आपोआप उरत होतं. चिकनवाला अजूनही न विचारता किलोभरच तोलायचा, आणि "अर्धा किलो दे" हे सासूबाईंच्या तोंडून काही केल्या निघत नव्हतं. उरलेलं दोघी दुसऱ्या दिवशी भाकरीशी नाहीतर पावाशी संपवायच्या. फ्राइड राइस मात्र दहा महिन्यांत आजच होत होता.

सुनेनं गार भात बोटांनी मोकळा केला. मग फ्रीझरमधलं भाज्यांचं पाकीट फोडून ताटात उपडं केलं. गाजर, फरसबी, मटार. सासूबाई हात धुऊन समोर येऊन बसल्या आणि दोघी मटार वेचू लागल्या. बोटं गारठली की फुंकर घालायची आणि पुन्हा वेचायचं. बघता बघता वाटी भरत आली.

त्याचं आणि मटाराचं जन्माचं वैर होतं. बारा मजल्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करणारा धडधाकट माणूस, पण मटाराचा एक दाणा बघितला की चार वर्षांचा व्हायचा. सासूबाई डोळ्यांत तेल घालून वेचायच्या, तरी एखादा सुटायचाच. मग स्वारी तो चिमटीत धरून उजेडात न्यायची, "आई, चष्मा बदल," म्हणायची आणि ताटाच्या कडेला, बायकोच्या बाजूला ठेवून द्यायची. ती तो उचलून गुपचूप तोंडात टाकायची.

सुनेचा हात मध्येच थांबला.

"आई, हे आपण कोणासाठी वेचतोय?"

वाटीकडे बघत सासूबाई म्हणाल्या, "सवय गं. हात आपसूक जातात."

वाटी परत ताटात उपडी केली की झालं असतं. पण दोघींपैकी कोणाचाच हात उठेना.

"मला मटार आवडतात," सून म्हणाली.

"काय सांगतेस! सहा वर्षांत चकार शब्द काढला नाहीस तो?"

"त्याच्या ताटातला एखादा मिळायचा ना. तेवढा पुरायचा मला."

सासूबाई उठल्या. इथे बसलं तर रडू फुटेल, हे त्यांना कळलं होतं. गॅस मोठा करून त्यांनी कढई ठेवली. लसूण तडतडली, तिच्यावर चिकन, मग गाजर-फरसबी, मग भात आणि सोया सॉस. सगळं परतून झाल्यावर स्वतःपुरता भात त्यांनी ताटात काढून ठेवला. उरलेल्यात वाटीच्या वाटी मटार ओतले आणि वर झाकण ठेवलं.

"एवढे सगळे?"

"खा. आता पोटभर खा."

जा, जा म्हणून सुनेच्या मागे त्या स्वतःच लागल्या होत्या. एकतिसाव्या वर्षी पोरीनं एका म्हातारीच्या सोबतीला किती दिवस काढायचे? ते खरंच होतं, आणि अजूनही त्यांना तसंच वाटत होतं. पण चष्म्यावरून आईला कोण चिडवायचं, हे ठाऊक असलेलं दुसरं माणूस जगात एवढं एकच होतं, आणि ते आज दहाला निघणार होतं.

पावणेदहालाच खाली हॉर्न वाजला. भाऊ वर आला, बॅगा उचलून पुढे झाला. सून डबा हातात घेऊन उंबऱ्यातच अडली.

"आई, तुम्ही फक्त एकदा थांब म्हणा. मी बॅगा परत वर आणते."

शब्द अगदी जिभेवर आला होता. सासूबाईंनी तिच्या खांद्यावरची ओढणी सारखी केली.

"डबा गरम आहे," त्या म्हणाल्या. "गाडीत झाकण जरा उघडं ठेव, नाहीतर पाणी सुटतं भाताला."

सुनेनं मान हलवली. जिन्यात तिची पावलं ऐकू आली, मग गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. सासूबाई खिडकीशी गेल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं त्या ताट घेऊन टेबलाशी बसल्या. भात गार झाला होता. कसेबसे चार घास गेले. पाचव्या घासाला चिकनच्या तुकड्याआड एक मटार दिसला. इतकं वेचून एक राहिलाच होता.

त्यांनी तो चिमटीत धरला, उजेडात नेला.

"आई, चष्मा बदल," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

मग त्यांनी तो ताटाच्या कडेला ठेवला, सून बसायची त्या बाजूला.