घरच्यांचा तास

या शुक्रवारी घरच्यांच्या तासाला गोष्ट नव्हती, तपासणी होती. नव्या मोठ्या बाईंनी तसं फळ्यावरच लिहिलं होतं: आज प्रत्येक मुलाने आपापलं माणूस ओळखून दाखवायचं.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. गेल्या महिन्यात एक विक्रेता कुणाचा तरी काका म्हणून आत शिरला आणि डोकं तल्लख करणारं सरबत कसं प्यावं, यावर तासभर व्याख्यान झोडून गेला. मुलांनी टाळ्याही वाजवल्या. तो कुणाचाच काका नव्हता, हे नंतर कळलं.

आजी मागच्या बाकावर बसल्या होत्या. बाक लहान मुलांचा, त्यामुळे गुडघे हनुवटीला टेकायला आलेले. शेजारी शिवणकाम करणारी काकू ऐसपैस बसली होती. तिचा मुलगा तिसरीत होता.

"चेहरा का उतरलाय, आजी?" काकूने विचारलं. "तुमची खारूताई आहे की पुढे."

खारूताई सतरंजीवर पहिल्या रांगेत बसली होती. पेन्सिली कुरतडायची म्हणून वर्गाने तिला ते नाव ठेवलं होतं. आजींची गोष्ट सुरू झाली, की ती सरकत सरकत त्यांच्या पायाशी येऊन बसायची. आज मात्र तिने मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

"रुसलीय ती," आजी म्हणाल्या. "मागच्या शुक्रवारी गोष्टीतला वाघ मी रानात पळवून लावला. तिला तो पाळायचा होता."

"अगं बाई! मग घरी समजूत काढायची ना!"

"घरी कुठे सापडतेय ती मला!"

"तेही खरंच म्हणा," काकू म्हणाली. "आमचाही जेवणापुरताच दिसतो."

आजींना आपली शाळा आठवली. त्यांच्या लहानपणी घरचं माणूस शाळेच्या फाटकातून आत यायचं, ते पोराने काहीतरी उपद्व्याप केला म्हणूनच. आई शाळेत आली म्हटलं, की पोर बाकाखालीच दडायचं. आणि आता पाहा! कुणाचे वडील सुतारकाम शिकवत होते, कुणाची आत्या गाणी म्हणत होती. आजींच्या वाट्याला गोष्ट आली होती. सोमवारपासून त्या ती जुळवत बसायच्या. भाजी निवडताना वाघाचा आवाज काढून बघायच्या. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "कुणाशी बोलताय हो?" हा शुक्रवार गेला असता, तर उरलेल्या आठवड्याला काही चवच राहिली नसती.

मोठ्या बाईंनी घसा खाकरला. "हं, चला, एकेकाने उठायचं. ज्याचं त्याने आपलं माणूस पुढे आणायचं. बिल्ला मिळेल त्यालाच पुढच्या शुक्रवारपासून आत प्रवेश."

बस चालवणाऱ्या वडिलांना त्यांच्या मुलीने पट्ट्याला धरून ओढत नेलं. काकूचा मुलगा लाजत आला आणि "ही आई," एवढंच पुटपुटला. "बिनपगारी शिंपी!" काकूने स्वतःच भर घातली आणि बिल्ला लावून ऐटीत फळ्याशी बाकीच्यांत जाऊन उभी राहिली.

बाकं रिकामी होत गेली. खारूताईची आई दुकानात कामाला, वडील कारखान्यात. त्यांना या तासाला कधीच जमलं नव्हतं. ती जागची हलली नाही. पेन्सिल तेवढी कुरतडत राहिली.

शेवटी मागच्या बाकावर एकट्या आजी उरल्या.

"आजी, तुमचं मूल कोणतं?" मोठ्या बाईंनी विचारलं. आवाज तसा मऊच होता, पण सगळ्या माना एकदम मागे वळल्या.

आजी बाकाला धरून उठल्या. गुडघे कटकन वाजले. खारूताईच्या पाठीकडे त्यांनी एकदा पाहिलं. ती पाठ काही वळेना.

"राहू द्या, बाई," त्या म्हणाल्या. "रुसलेल्या पोराला कशाला भरीला घालायचं? निघते मी." त्यांनी पिशवी उचलली आणि दाराकडे वळल्या.

"ए आजी! कुठे चाललीस?"

खारूताई उभी राहिली होती. सतरंजीवरच्या मुलांना ओलांडत, दोघांच्या हातांवर पाय देत ती धावत आली आणि तिने आजींचा हात गच्च धरला.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी कोण?"

"आजी. आईची आई."

"मग इतका वेळ तोंडात मूग धरले होतेस का?"

"हिने वाघ पळवला ना! म्हणून."

सगळा वर्ग हसला. मोठ्या बाईंनाही हसू आवरेना. "घरीसुद्धा सांगते का गं गोष्टी?"

"रोज! आणि मधेच झोपते. घोरते पण. उठवलं, की म्हणते, मी जागीच होते."

आपण घोरतो, ही आजींना नवीनच माहिती होती. पण त्यांनी मान डोलावली.

मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने त्यांना बिल्ला लावला. "आता निघायची भाषा नको," त्या म्हणाल्या. "तो वाघ परत आणा आधी."

आजींनी वाघ परत आणला. नुसता आणला नाही, त्याला आंघोळ घातली, शाळेत नाव घातलं आणि मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसवला. मग त्याने डरकाळी फोडली. त्याच्याबरोबर सगळ्या वर्गाने फोडली, बसवाल्या वडिलांनी फोडली, काकूने तर अशी फोडली, की फाटकावरचा शिपाई धावत आला. दारात पाहतो तर मोठ्या बाईही डरकाळी फोडत होत्या. कितीतरी वर्षांत आजींना इतकं उंच, इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

शाळा सुटली. दोघी हातात हात घालून फाटकाबाहेर पडल्या. कोपऱ्यावर वळल्यावर खारूताईने मागे कोणी नाही ना, ते नीट पाहून घेतलं आणि आजींना खाली वाकायची खूण केली.

"आजी," ती त्यांच्या कानात कुजबुजली, "तुम्ही राहता कुठे? आणि तुमचं नाव काय? बाईंनी विचारलं, तर मला सांगता यायला हवं ना!"